बिल्ला बघून मशीन घेणारे

नाही हो, अमेरिकन कुठलं — डोंबलाचं अमेरिकन. ठेवा इथं, कापडावर ठेवा, काउंटरला चरे पडतील. हिरासेसान ना तुम्ही? कार्डावर लिहिलंय की — टोकियोत कॉफीचं दुकान, सजावटीला जुन्या वस्तू. बरं. आता ते शिलाई मशीन मागे कलंडवा, हळू, बिडाचं आहे, पायावर पडलं तर बोटं जातील. बुडाशी उठावातली दोन अक्षरं दिसतायत? जे आणि ए, पुढे आकडे. ते मॉडेल नव्हे आणि सालही नव्हे — इथल्या कुठल्या कारखान्यानं जोडलं त्याची खूण आहे ती. आणि हा आकडा मी झोपेतसुद्धा ओळखीन, सहा वर्षं काढलीत मी तिथं. म्हणजे तुम्ही बोटीचं भाडं भरून अमेरिकेहून काय मागवलंत, तर याच साकाईतलं, दोन गल्ल्या पलीकडचं मशीन. छान केलंत.

हसू नको तर काय करू? मी बिल्ल्यांच्या खात्यात होते. तिकडचे दुकानदार नावं पाठवायचे, आम्ही त्या नावांचे बिल्ले मेखांनी ठोकायचो — सकाळी कुठलीतरी राणी, जेवणानंतर कुठलातरी गरुड. आत मशीन तेच, वर रंग निळा नाहीतर गुलाबी. मशीन वाईट नाही हो, बघणारे वाईट. चाक फिरवून बघितलंत? अडलंय, म्हणून बिघडलं म्हणता — बिघडलं नाही, तीस वर्षांचं तेल सुकून गोंद झालंय, रॉकेल सोडा आणि दोन दिवस हात लावू नका. बॉबिनची डबी जागेवर आहे का? सुईखालची पट्टी काढून गंज बघितलात? दोन पदरी कापडावर टाका घालून खालची बाजू तपासलीत? काही नाही. बिल्ला बघितलात, झालं.

कुठलं — ते खिडकीतलं? कितीही देऊ म्हणालात तरी ते विकाऊ नाही, माझं आहे. काय म्हणालात, ते मात्र अस्सल, इथल्या नामांकित कंपनीचं? कशावरून? बघा, पुन्हा बिल्ल्यावरून. तुमचं आणि माझ्या सासूचं छान जमलं असतं. अहो, ते तुमच्या या राणीच्या बिल्ल्यावाल्या मशीनचंच सख्खं भावंड आहे. परदेशी जायचं होतं, पायथ्याशी रंगाला फोड आला म्हणून तपासणीत नापास झालं. सत्तावन्न साली माझं लग्न ठरलं, घर शिंप्याचं, आणि शिंप्याच्या घरात मशीन न घेता येणारी सून म्हणजे — ती येतच नाही. माझे वडील गेलेले. मुकादमानं ते नापास मशीन मला जवळजवळ भंगाराच्या भावात दिलं. त्याचा परदेशी बिल्ला उपटला आणि नामांकित कंपनीचा एक मिळवला. कसा मिळवला ते विचारू नका. त्याची भोकं जुळेनात, म्हणून नुसता सरसानं चिकटवला, खाली जुनी दोन भोकं तशीच उघडी. आणि गेले सासरी.

आणि म्हातारीला पत्ता नाही. बत्तीस वर्षं. उलट येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या बिल्ल्यावर बोट आपटून दाखवायची — बघा, आमच्या नोबुएनं काय आणलंय माहेराहून. कापडवाल्याच्या बायकोचा भाऊ मशीनच्याच धंद्यातला, तिनं एकदा डोळे बारीक करून विचारलं, खरंच त्या कंपनीचं का हो? तर म्हातारी म्हणते, तुमच्या सुनेनं काय आणलं ते सांगा आधी. मी पडद्यामागे तोंड दाबून हसतेय. जन्म शिंपीकामात गेला आणि मशीन ओळखता येईना. तिच्या अस्थी वेचतानासुद्धा मनात म्हणाले, गेली बिचारी, शेवटपर्यंत भोळीच.

थांबा, दाखवतेच तुम्हाला. तेव्हापासून काढला नाही कधी, काढायचं कारणच नव्हतं — भीतीच वाटायची, खरं सांगायचं तर, की गळून पडेल. ती सुरी द्या. किती घट्ट बसलाय बघा, माझ्या हाताचं काम — हं, आला. आता बोट फिरवा, इथं दोन भोकं लागतील.

नाहीत?

सरका, उजेड अडवताय. इथंच होती. बुजवलीयत. पितळेच्या मेखा ठोकून, कानशीनं सपाट करून, वर काळी लाख, झाडाच्या चिकाची. हा सरस नाही. मी नाही केलेलं हे. आमच्या ह्यांना साधा खिळा ठोकता यायचा नाही. म्हातारी वाजिमा गावची, लाखकामवाल्यांच्या घरातली, फुटक्या वाट्या सांधायची ती याच लाखेनं —

लग्नानंतरच्या पहिल्या जूनमध्ये तिनं मला आठवडाभर माहेरी धाडलं. कापडवाल्याची बायको येऊन गेल्यावर लगेच. जूनमध्ये, कामाची गर्दी असताना. मी आईला म्हणाले, चिक्कू बाई आहे, माझं जेवण वाचवतेय. लाख दमट हवेत वाळते, हिरासेसान. पावसाळ्यातच वाळते ती नीट. बिल्ला चुकून चारचौघांत गळाला असता, तरी खाली काही दिसलं नसतं. आणि वर ती बोट आपटून दाखवत राहिली, बत्तीस वर्षं, मला एका शब्दानं न बोलता. आणि मी तिला हसत होते. रोज हसत होते हो मी तिला.

काय? आता याचे दुप्पट देता? लाख बघून?

उचला तुमचं मशीन. तपासणीचे पैसे नकोत, सांगायचं ते सांगितलं मी. जाताना दार ओढून घ्या.