निघालेलं गाठोडं

रामराम मंडळी.

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या. सतरंजीवर जागा आहे. दरेकशाची मंडळी सकाळच्या पॅसेंजरनं आली, त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नाही, हे मला माहीत आहे. मी फार वेळ घेणार नाही. मला बोलता येत नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. मी डोमाजी, स्टेशनासमोरचा किराणावाला. तराजू धरायला सांगा, धरतो. चार माणसांसमोर उभं राहणं माझं काम नाही.

तरी उभा राहिलो. काऊन राहिलो, ते सांगतो.

माझ्या आधी जे जे बोलले, ते झनकलालभाऊबद्दल चांगलंच बोलले. लाखेचा व्यापारी होता, सरळ होता, जंगलातल्या माणसाला त्यानं मापात कधी फसवलं नाही. सगळं खरं. पण प्रत्येकानं खाली बसता बसता एकच गोष्ट म्हटली. हट्ट केला नसता तर आज असता. विमान रद्द झालं होतं, गप घरी जायचं होतं. घर दोन गल्ल्या पलीकडे, आणि माणूस परक्याच्या दुकानात मेला.

भाऊंनो, ते परक्याचं दुकान माझं आहे. ती खाटही माझीच. दुपारी जेवून पडला तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले, काळजानं दगा दिला, घरी असता तरी दिला असता. पण डॉक्टरांचं कोण ऐकते? गावाला हट्ट सापडला ना!

तर तो हट्ट काय होता, ते आज मी सांगणार. ऐकून घ्या, मग काय म्हणायचं ते म्हणा.

कुसुमाच्या झाडावरची लाख आपल्या डोंगरातली. दरेकशाकडची माणसं झाडावर चढून काढतात, पोरंबायका खरवडतात. विकली जाते कलकत्त्याला. कलकत्त्याची मेल आपल्या दारातून जाते, मग हा माणूस उलटा नागपूरला जाऊन विमानात कायले बसते? मी स्वतः विचारलं होतं त्याला. पहिल्यांदा तिकीट काढलं तेव्हा मीच सगळ्यांत जास्त हसलो होतो.

तो म्हणाला, "डोमा, भाव निंगाल्याची तार आली का कोठीवाले शेठ इमानात बसतेत. मी रेलगाडीनं पोचतो तवरिक सौदा होऊन जाते. थे उडतेत त मी काऊन खाली राहू?"

शेठजी, लाखेची मोठी कोठी तुमची, तुम्ही आलात, समोर बसलात, बरं केलंत. मी मागून बोलणाऱ्यातला नाही.

दरेकशाच्या मंडळींनी मिळून तिकीट काढलं आणि झनकलालभाऊ उडायला निघाला. आता मंडळी, उडणं काय असते ते आपल्याला काय ठाऊक? आपल्याला वाटलं, बसलं की पोचलं. पण माघात नागपूरला धुकं. धुकं नसलं तर इंजिन बिघडलेलं. इंजिन धड असलं तर टपालाच्या थैल्या जास्त झाल्या, माणसाला जागा नाही. खिडकीवरचा बाबू म्हणे, उद्या या. भाऊ विचारे, "उद्या जाईन का?" बाबू म्हणे, सांगता येत नाही. भाऊ म्हणे, "मंग ये कायले म्हनतोस?"

पहिल्या खेपेला असंच झालं. विमान रद्द. भाऊ परत आला, सरळ घरी गेला. आंघोळ केली, जेवला, अंगणात बसला. एवढंच त्याचं चुकलं. सांजेपर्यंत दरेकशात निरोप पोचला, तुमचा माणूस परतला, काही जमलं नाही त्याला, आता माल देऊन टाका. कोणी पोचवला, ते मी म्हणत नाही. कोठीच्या बैलगाड्या मात्र सकाळी दारात उभ्या होत्या. माणसं घाबरली. घरात लगीन, घरात दुखणं. अर्धी लाख मातीमोल गेली. दुकरू, तू होतास ना? तुझी पण गेली. मान कायले खाली घालतोस? घाबरणं हा काही गुन्हा नाही.

त्या दिवसापासून भाऊच्या बायकोनं, सुकवंतावहिनीनं, प्रस्थान ठेवायला सुरुवात केली.

प्रस्थान आपल्याकडे सगळेच ठेवतात. मुहूर्त सकाळचा आणि निघायचं उद्या, तर सुपारी-तांदूळ पंच्यात बांधून शेजारी नेऊन ठेवायचे. माणूस घरी असला तरी निघाला असं धरायचं. आणि प्रस्थान एकदा बाहेर पडलं की काम झाल्याशिवाय घरात येत नाही. वहिनी मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायची, त्यातच नमुन्याच्या लाखेची थैली. ते गाठोडं माझ्या दुकानात खुंटीला. भाऊ तिथून ते उचलायचा आणि नागपूरला जायचा. विमान रद्द झालं तर माझ्या दुकानात परत. गाठोडं खुंटीला, भाऊ खाटेवर. घरी नाही.

गावाला केवढी गंमत! आपल्याच गावात पाहुणा झाला म्हणे. न्हाव्याच्या दुकानात हसले, चक्कीवर हसले. वहिनी भर रस्त्यानं डबा घेऊन यायची तेव्हा लोक दारात येऊन बघायचे. एकदा तिलाच रडू आलं. माझ्यासमोर म्हणाली, "घर दोन गल्ल्या हाय, अन् तुमी परदेश्यावानी इथं काऊन पडून राहिले?"

भाऊ म्हणाला, "घरी आलो त लोक म्हनतीन परतला. परतलेल्या मानसाच्या मालाले भाव नाही राहत, सुकवंता. इथं पडून हावो तवरिक मी निंगालेलाच हावो."

आता सांगा, हा हट्ट होता? दरेकशातून माणूस यायचा, माझ्या दुकानात डोकावून खुंटी पाहायचा. गाठोडं दिसलं की परत जाऊन सांगायचा, झनकलाल परतला नाही, माल हलवू नका. तेवढ्यावर तिथली गोदामं बंद राहायची. माझ्या दुकानातल्या एका खुंटीवर दरेकशाचा भाव टांगलेला होता, मंडळी, आणि तुम्ही त्याला हट्ट म्हणता!

आणि तो काही नुसता पडून राहणारा नव्हता. त्याचं ठरलेलं बोलणं होतं. "उडलं त उडू. नाही उडलं त बसू. बसून नाही भागलं त मेल हाय." मला तर पाठच झालं आहे.

गेल्या साली काय झालं, ते शेठजींना आठवत असेल. दोघंही नागपूरला. धुकं. शेठजी नातलगांकडे विसाव्याला गेले. भाऊ बाकावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं. शेठजींनी विमान सोडलं नाही, भाऊनं सोडलं. मेल धरली. मी त्या दिवशी फलाटावर माझ्या गुळाच्या भेल्या उतरवून घेत होतो. मेल आपल्या आमगावला थांबत नाही. धाडधाड करत आली, आणि एका खिडकीतून हात बाहेर. हातात वहिनीनं बांधलेलं गाठोडं! माझ्याकडं पाहून हलवून राहिला आणि हसून राहिला. स्वतःच्या गावावरून गेला, घरावरून गेला. विमान उडालं तेव्हा भाऊ कलकत्त्यात नमुना दाखवून मोकळा झाला होता. त्या साली दरेकशात किती घरांच्या छपरांवर कवेलू नवे चढले, ते जाऊन पाहा.

असा माणूस. यंदा पुन्हा विमान रद्द झालं. पुन्हा गाठोडं खुंटीला. मला म्हणाला, उद्या सकाळी जाऊन बाबूला विचारतो, नाहीतर मेल. जेवला. वहिनीनं आणलेला डबा होता, पोपटीच्या शेंगांतल्या दाण्यांची भाजी. बरी झाली म्हणाला. आडवा झाला.

मला त्याचा राग येतो, मंडळी. खरंच येतो. माझ्या दुकानात मेलास, आता मी त्या खाटेकडे पाहू कसा? रोज सकाळी फळी उघडतो आणि पहिले खुंटीकडे डोळे जातात. रडतो मी. दुकानदारानं गिऱ्हाइकासमोर रडू नये, पण रडतो.

पण तो दुकानात मेला असं यापुढं माझ्यासमोर कोणी म्हणू नका. तो वाटेत गेला. कामावर निघालेला माणूस कामाच्या वाटेवर गेला.

आता गाठोड्याचं सांगतो आणि बसतो.

तेरवी झाली. मी वहिनीकडे गेलो. म्हटलं, वहिनी, गाठोडं आणून देऊ का? परवा शेठजी दुकानात आले होते. दुःख केलं, खरंच केलं, डोळे पुसले त्यांनी. मग खुंटीकडं पाहून म्हणाले, "अब कौन जाएगा, डोमाजी? इसे घर भेज दो, और माल कोठी पर." बोलणं चुकीचं नव्हतं. दरेकशाचं गोदाम भरलेलं आहे. यंदाचं सगळं त्यात आहे. जायला माणूस कुठाय? मलाही वाटलं, संपलं. म्हणून वहिनीला विचारायला गेलो.

ती सूप घेऊन बसली होती. मान वर केली नाही. म्हणाली, "घरी आनू नोका. निंगालेलं हाय थे."

मी म्हटलं, वहिनी, पण घेऊन कोण जाईल?

"मी."

भाऊंनो, घरात म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या. एकीनं तोंडावर पदर घेतला. एक म्हणाली, पांढऱ्या कपाळाच्या बाईनं हळकुंडाचं गाठोडं उचलायचं? आणि विमानात बसायचं? वहिनी म्हणाली, "थे हळकुंड म्या बांधलं होतं. माह्या हातचं हाय. मले कोनाले इचाराचं?"

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मला गाडीची वेळ विचारली.

तर आज संध्याकाळच्या गाडीनं वहिनी नागपूरला चालली आहे. दुकरू सोबत आहे, मी सोबत आहे. माझं दुकान बंद राहील, मीठ-मिरची आज घेऊन ठेवा. विमानाचं तिकीट भाऊच्या नावाचं होतं, ते बदलून देतील की नाही, ठाऊक नाही. धुकं असेल. बाबू उद्या या म्हणेल. म्हणू दे. उडलं तर उडू. नाही उडलं तर बसू. बसून नाही भागलं तर मेल आहे. आणि मेलच धरावी लागली तर आमगावकरांनो, जरा फलाटावर येऊन उभे राहा. खिडकीतून हात दिसेल. यावेळी हात वहिनीचा असेल, बांगडीविना, पण गाठोडं तेच असेल. हसायचं असेल त्यांनी तेव्हा हसून घ्या.

शेठजी, तुमच्यावर माझा राग नाही. तुमचा धंदा आहे, तुम्ही करा. पण गाड्या जुंपू नका. बैलांना उगाच त्रास.

आता उठा सगळे. टोप्या काढा. बायांनी उठायची गरज नाही, पण वहिनी उठली आहे, म्हणजे तुम्ही उठालच. थोडा वेळ कोणी बोलू नका. रडू आलं तर आवरू नका.

आणि दरेकशाच्या मंडळींनो, इथून घरी जाल, लोक विचारतील, झनकलालचं काय झालं. मेला म्हणून सांगा, ते खरं आहे. पण परतला का, असं विचारलं, तर नाही म्हणा. खुंटी रिकामी पाहून आलो, गाठोडं घरी नाही गेलं, वहिनीनं पुढं नेलं म्हणा. निघाला आहे म्हणा.

झनकलालभाऊ, रामराम.