पट्ट्याचा सांधा

थांबा मिस्त्री, सुरी नका लावू अजून — पट्टा कापायचाच आहे हो, मीच फोन करून मुरबाडवरनं बोलावलंय तुमाला, नाय कुठं म्हणतोय — पण एकदा चालवून दाखवतो. एकदाच. ही मोटर धरली, पट्टा फिरला... हां. टप्प. परत टप्प. सांधा पुलीवरनं जातो ना, तेव्हा वाजतो. तुमाला काय त्याचं, तुमी किती भातगिरणी बघता. मी अकरा वर्षं ही एकच बघतोय.

हसू नका, पण आमचा बँड होता. मेटल — ते केस झटकत, दणदणाट करत वाजवतात ना, ते. ड्रमवर मी, गिटार आणि गळा ओमकारचा — वाशिंदचा, शाळेपासनं दोस्त. नाव ठेवलेलं 'कोंडा'. इथं किन्हवलीत सगळ्यांना कळलं, गिरणीतला कोंडा. मुंबईची पोरं पोस्टर बघून बोलायची, एवढे केस हलवल्यावर पडणारच. तर एक गाणं होतं, 'फोलपट'. त्याचा डेमो — म्हंजे कच्चं रेकॉर्डिंग, कंपनीला ऐकवायला — ह्याच शेडमधे केला, ओमकारचा मोबाईल त्या तिथं गोणींवर ठेवून. बाबांना बोललो, अर्धा तास गिरण बंद ठेवा. बाबा म्हणाले, अंबूबाई सकाळपासनं बसलेय, तिचं भात काय तुजा बँड भरडून देणार? मग काय, गिरण पण चालू आणि आमी पण चालू. मी सरळ टप्पवरच वाजवायला लागलो.

आता ऐका हां — अंबूबाईचं भात ओलसर. ओलं भात पडलं की गिरण दबते, टप्प मागं सरकते, मग मी मागं, ओमकार मागं — गाणं जड होत जातं, छातीवर गोणी ठेवल्यासारखं — आणि ओल सरली की गिरण सुटते. नेमकं तिथंच अंबूबाई ओरडते, "माजं झालं का रं सुरज?" आणि त्यावर ओमकारची गिटार पडते. काय पडते, मिस्त्री. तो डेमो नेटवर आहे, आजपण लोक इचारतात, ती बाई कोण गाते म्हणून.

कंपनीनं घेतलं की गाणं. स्टुडिओत काचेमागं बसवलं मला, कानात टिक-टिक लावली. यंत्राची टिक-टिक — तिला भात नाय, ओल नाय, काय नाय. तो सायेब बोलायचा, तू मागं येतोस, तू पुढं जातोस. नऊ दिवस तेच. दहाव्या दिवशी ओमकार माज्याकडं न बघता बोलला, ड्रम कंप्युटरवर करूया रे. अंबूबाईच्या जागी एक नाटकातली बाई आणली, तिनं "माझं झालं का" असं 'झ' लावून शुद्ध म्हटलं. आणि अल्बम आला. गुळगुळीत. कालवणात मीठ नसावं तसं. कव्हरवर लिहिलंय, ड्रम — सुरज. त्यातली एक काठी माजी नाय.

गावात सांगितलं, बाबा आजारी म्हणून परत आलो. बाबांना काय झालेलं? काय नाय, चांगल्या तीन-तीन भाकऱ्या खायचे. मी पळून आलो. त्यांनी इचारलं पण नाय, भाताची पाटी हातात दिली. तेव्हापासनं इथंच आहे. एक-दोनदा निघालो, एसटी स्टँडपर्यंत गेलो, माघारी आलो. ह्या गिरणीशिवाय मला वाजवता येत नाय, आणि हिला कुठं घेऊन जाणार? ओमकार गेला दुबईला. गिटार इकून टाकली त्यानं.

काय? सांध्यावरच्या ह्या क्लिपा नव्या कशा? — फोनवर सांगितलं ना, पट्टा तुटला. तुटलाच. मागच्या शनवारी. माजी बायको, रविना, खाली कोंडा भरत होती, सांधा उघडला आणि पट्ट्याचं टोक तिच्या मनगटावर. दोन हाडं मोडली. दिवाळीपासनं सांगत होती ती, सांधा सुटतोय, पट्टा बदला. मी दर टायमाला बोलायचो, मिस्त्रीला टाइम नाय. तुमाला मी कधी इचारलंच नव्हतं. मीच क्लिपा मारायचो, त्याच जागी — जागा हलली तर आवाज बदलेल म्हणून. आणि परवा, सूज उतरली म्हणून ती परत दवाखान्यात गेलेली असताना, मी हा परत जोडला. का म्हंजे? ऐकायला. तिकडं तिचं प्लास्टर चाललंय, आणि मी इथं बसून मांडीवर हात मारतोय. लाज वाटते मला. कुणाला बोललो नव्हतो हे, तुमाला कसं बोललो काय माहीत.

लावा सुरी. मी तिकडं बघतो.

...बसला नवा पट्टा? बिनसांध्याचाच ना हा? करतो चालू. — हां. चांगला फिरतोय. सरळ एकदम. माजा पाय बघा, उचललाय, आणि खाली कधी टाकायचा तेच कळंना.

काय गो? — तुमाला नाय मिस्त्री, रविना घरातनं हाक मारते. गिरण बंदच आहे का इचारते. तिकडं फक्त टप्पच ऐकू जायची ना. — चालू आहे गो. चालू केली.

निघा तुमी आता, एसटी जाईल. जुना पट्टा? घेऊन जा. नाय, इथं कोपऱ्यात पण नको. घेऊन जा म्हटलं ना.