बादलीतलं पोहणं

पोहण्याच्या तलावाच्या तिकीटखिडकीशी दोघी जावा कधीच्या अडून बसल्या होत्या. मागे रांग वाढत होती आणि आतली तिकीटवाली, मान खाली घालून, एकेक शब्द ऐकत होती.

"जाऊबाई, आता पुरे हं! मागच्या वेळीही इथूनच परत फिरलात."

"तेव्हा पोटात कळ आली होती गं."

"आणि त्याआधी डोकं दुखत होतं! महिनाभर तुम्हाला बादलीत तोंड बुडवून श्वास धरायला शिकवलं, पलंगावर पालथं झोपवून पाय मारायला लावले. पलंगाची फळी मोडली, भावोजींची बोलणी मी खाल्ली!"

"बादलीत बुडायची भीती नसते."

"इथे तरी कोण बुडवतंय तुम्हाला? उतरा की एकदाच्या!"

"उतरते बाई, उतरते! डोकं नको खाऊस."

"तिकिटं किती?" तिकीटवालीने विचारलं.

"एकच," धाकटी म्हणाली. "मी बाकावर बसते, टॉवेल धरून."

"का? तुला येतं ना पोहायला?"

"मला? छे! गुडघाभर पाण्यातसुद्धा मला गरगरतं."

"मग मला शिकवलंस कसं?"

"मोबाइलवर बघून."

मोठ्या जावेने एका हाताने धाकटीचं मनगट घट्ट धरलं आणि दुसरा खिडकीत घातला.

"दोन द्या. आणि ही पळायच्या आत द्या."