टाचेची फळी

तिथं नका बसू बाई, तिथं ओल आहे — इकडं बाजेवर बसा. ते उचलून बाजूले ठेवा. काय म्हणता, खेळणं? नाही हो, या घरात लहान लेकरू कुठं आहे आता — फळी आहे ते, माह्या टाचेची. तिच्याच पायी सिंधू शाळेत येऊन नाही राहिली. तुमी तेच इचाराले आल्या ना? मले वाटलंच होतं, कधी ना कधी शाळेतली बाई येईन म्हणून. सिंधू नाही घरी. बाजारात गेली टोपलं घेऊन. मी तिची माय, पार्बता — मीच आहे.

दुखणं कसं म्हणता? सकाळी उठलं का पह्यलं पाऊल — बाभळीचा काटा टाचेत मोडला ना, का जसं उभं राहता येत नाही, तसं. काटा असता तर काढला असता. सिंधूनं सुई घेऊन उजेडात पाह्यलंबी, काहीच नाही. भिताड धरत धरत चुलीपाशी जाव, मंग जरा चालणं झालं का ते मवाळ होते — अन् लोकाइले वाटते हे तर चांगली आहे. माणिकबाई, माही जाऊ, तिनं तर साऱ्या गल्लीत सांगतलं का पार्बताची टाच बाजारापुरतीच दुखते, जेवाले बसली का बरी होते. सांगू द्या. पण भाजीचा बाजार माह्या टाचेसाठी थांबते का? उजाडता उजाडता मोर्णा नदीच्या पलीकडं, जुन्या शहरात नेऊन मांडलं नाही, तर मेथीनं मान टाकलीच. मालकाले मळा सोडता येत नाही, पाणी कोण फिरवन? मंग टोपलं सिंधूच्या डोक्यावर गेलं. दोन दिवसासाठी म्हणून गेलं ते — तुमाले ठाऊकच आहे, तुमच्या हजेरीत दिसतच असन.

नाही, दवाखान्यात गेली होती ना. मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरनं माह्या पायाले हात लावला, मलेच लाज वाटली, जन्मभर चिखलात राहून फाटलेल्या टाचा ह्या. ते म्हणे, रात्री झोपेत पाऊल खाली पडते, तळव्याची शीर आखडून बसते, अन् सकाळी भार पडला का ताणते. म्हणून रात्रभर पाऊल उभं ठेवाचं. एक फळी पोटरीखाली, एक तळव्याले लावून उभी. सुताराकून करून घेतली मालकानं. सासूनं पाह्यली अन् ताटावरून उठली — म्हणे माणसाचे पाय एकाच दिवशी बांधतात, अन् त्या दिवशी त्याले चार जण उचलतात. आता बोला.

पण बांधाव कशानं, हे डॉक्टरनं सांगतलं नाही. का सांगतलं असन, मीच ऐकलं नसन — तिथं गर्दी किती, अन् मले एकच चिंता, भेंडी तोडाची राहिली. आमच्या घरी बांधाचं म्हटलं का हात कुठं जाते? मेथीची जुडी, पालक, शेवंतीची वेणी, सारं केळीच्या सोपटानं — खोडाची वाळली साल ते. भिजवलेलं सोपट माठाखाली पडूनच असते. तेच घेतलं अन् जुडी बांधतो तशी गच्च बांधली फळी. आता ते सोपट वाळता वाळता आवळते, म्हणून तर जुडी बाजारापर्यंत सुटत नाही — हे मले नाही तर कोणाले ठाऊक? पण आपल्या पायाच्या वेळी ध्यानातच आलं नाही बाई. सकाळी पाहतो तर पाऊल वांग्यावानी जांभळं. चिमटा घेतला तरी समजेना, आपलं आहे का परकं. सिंधूनं विळ्यानं कापलं ते. बोलली काही नाही. तिचं तसंच आहे — शाळेत तरी बोलते का? नाहीच ना. मी तर फळी गोठ्यात फेकून देल्ती. तिनंच आणली उचलून. धुतली, माह्या जुन्या लुगड्याची गादी शिवली तिच्यावर, रुंद रुंद पट्ट्या फाडल्या. अन् बांधली का खालून एक बोट घालून पाहते, आवळलं तर नाही म्हणून.

रोजच बांधते ना. जेवणं झाली का माह्या पायापाशी बसते. अन् काय सांगू बाई तुमाले — बोलते. तोंड माह्या पायाकडं असते, माह्याकडं पाहाव लागत नाही, म्हणून जमत असन तिले. बाजारातली कोण कशी भाव पाडते, लिंबं कशी दाबून पाहते, सारं करून दाखवते. नक्कल करते हो! सासूबी हसली एक दिवस, तोंडावर पदर घेऊन. माह्या पोटची पोरगी, अन् तिले हसवता येते हे मले आता समजलं.

पण बाजार काही तिचा नाही. हाक देणं नाही, काही नाही. नुसती बसून राहते. परवा दोरीवाल्याच्या दुकानाआड उभी राहून पाह्यलं मी — तुमच्या शाळेच्या पोरी चालल्या होत्या, हातात दप्तरं, एकीनं हाक मारली, सिंधू म्हणून. हिनं मान खाली घातली अन् भेंड्या निवडाले लागली. निवडलेल्याच भेंड्या बाई, पुन्हा निवडू लागली. पोरी दूर गेल्या तवा मान वर केली. तिथं मले —

काय? मी बाजारात कशी गेली म्हणजे? चालतच गेली.

असं पाहू नका माह्याकडं. हो, पूल ओलांडून गेली अन् आलीबी. बरी आहे टाच. सकाळी जराशी टोचते, तेवढंच. ती उठाच्या आत मी विहिरीवर जाऊन येतो, अन् तिची चाहूल लागली का भिताड धरतो. काहून? आता काहून म्हणता — थकली म्हणा. या घरात आली तवापासून टोपलं डोक्यावर आहे, कधी कोणी म्हटलं नाही का आज राहू दे. पण नुसतं तेबी नाही. टाच बरी झाली का फळीचं काम सरलं. मंग ती पुन्हा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसन, मॅट्रिक होईन, लगन होईन, जाईन. जाव, जाच लागते. पण मले वाटलं, थोडे दिवस. मंग त्या भेंड्या पाह्यल्या परवा. तवापासून सांगीन सांगीन म्हणतो, अन् ती पट्ट्या घेऊन पायाशी येऊन बसली का तोंडच उघडत नाही.

फाटक वाजलं. आली ते. तुमी आता जा बाई — इकडून मळ्यातून पायवाट आहे, वाफ्यात पाय देऊ नका. नाही, तुमी नका सांगू तिले. माय खोटं लंगडते हे तिले दुसऱ्याच्या तोंडून समजलं, तर शाळेत येईन ती, पण माह्या पायापाशी नाही बसणार कधी. मीच सांगतो. सांगतो म्हटलं ना. उद्या तिचं नाव घ्या हजेरीत. जा तुमी.

सिंधू, टोपलं ठेव अन् इकडं ये. बस. — नाही, पाय नाही दुखत. तेच सांगाचं आहे तुले.