बोंडअळीच्या खालचं गाणं

— न्हाई साहेब, तुमच्या रेडिओ ठेसनाचा दहा वर्षांचा इतिहास लिहून राह्यलात ना, मंग खांब कधी उभा राह्यला अन् फीत कापायला कोन आल्ता हे मला कशाला इचारता, ते कागदात असंल. मला इचारा ठेसनानं आमच्या गावात काय केलं ते — बसा, बाजंवर बसा. दुष्काळाच्या आदल्या साली तुमची जीप आल्ती. जात्यावरच्या ओव्या मशनीत भरून न्यायच्या म्हने. बाया लपल्या साऱ्या. माही बेबीनंदा मातर — लेक माही, सतरा वर्षांची, तोंडानं फटकळ — म्हनली, मी म्हनते ओव्या. तुमचा साहेब म्हनला, जात्याची घरघर लई येती, जातं थांबवून म्हन. ती म्हनली, साहेब, हात थांबला की माहं तोंड बी थांबतं, अन् भाकर काय नुसत्या गाण्याची करू का? हसले सारे. मंग जात्याखाली गोधडी घातली घडी करून, तवा कुठं जमलं. पायलीभर ज्वारी दळून झाली त्या गाण्यापायी — मी म्हनलं, रोजच या बाबा!

आठ दिवसांनी लागलं बरं का ते, दुपारी, ग्रामपंचायतीच्या रेडिओवर, भोंगा लावून. सारं गाव चावडीपुढं. अन् त्याच संक्रांतीला कावीळ झाली तिला. आठव्या दिवशी — जाऊ द्या. चेहरा हाय डोळ्यापुढं, बराबर हाय. ओव्या साऱ्या पाठ हायेत, कोनती कोनत्या मागं ते बी सांगंन. आवाज न्हाई येत. बिलकुल न्हाई. म्हून तर गेल्ते ना तुमच्या ठेसनावर, परतूरहून रेल्वेनं, एकलीच. दोन खोल्या, भिंतीला गोनपाटासारखं कापड. तिथला साहेब चांगला होता, खोटं कशाला बोलू, चहा पाजला, धुंडून धुंडून ती टेप काढली. म्हनला, मावशी, टेपा कमी येतात आम्हाला, एकदा लावलं की पुसून त्याच्यावरच दुसरं भरतो. काय भरलं म्हनलं? तर कपाशीवरची बोंडअळी. मी म्हनलं, लावा. — ऐकलं की! सारं ऐकलं. कोनी शिकलेला मानूस, औषध किती, पानी किती. तो दम घ्यायला थांबला की मी कान पुढं करायची — वाटायचं, खाली असंल माही. कनगी उपसली तरी तळाला चार दाने ऱ्हातातच ना? — न्हाई निघाली.

काय म्हनता, भोंग्यावर तरी ऐकलं असंल? गावानं ऐकलं. शेजारची साळूबाई रडली म्हने. मी रानात खुरपत होते. बेबी आल्ती ना बोलवायला, पळत — माय, चल ना, माहं लागतंय. मी म्हनलं, रोज पहाटं कानाशी कोकलतीस ते काय कमी हाय का? अन् ठेसनानं भरून ठेवलंच हाय की, ऐकू कवा बी. बांधावर उभी राह्यली जरा. मंग एकलीच गेली —

हे लिहिलं का तुम्ही? न्हाई. खोडा ते. खोडा म्हनते ना. उठा साहेब, बस निघून जाईल तुमची.