कार्ड मेलं

दादा : हात काढ आधी. माझा कॉम्प्युटर आहे, मीच उघडणार.

धाकटी : तुझा होता. चार वर्षं मीच वापरतेय.

दादा : वापरायला दिला म्हणजे नावावर केला का? टॉर्च धर. तू कुठेतरी काहीतरी खुपसशील, मैत्रिणीचं उसनं आणलेलं कार्ड जळेल आणि तिच्यापुढे तोंड लपवत फिरशील.

धाकटी : बरं बाबा, तूच बसव. पण लवकर. तीनच्या आत घराचं थ्रीडी चित्र पाठवायचंय. या जुन्या डब्यावर ते तयार व्हायला रात्रभर लागतं. ग्राफिक्स कार्ड बसलं की वीस मिनिटांचं काम.

दादा : आणि चित्र गेलं की नोकरी?

धाकटी : मॅडम म्हणाल्या, आवडलं तर सोमवारपासून ये. राहायला खोलीसुद्धा देतायत.

दादा : वा! आणि इथे बाबांची कूस कोण बदलणार? मॅडम?

धाकटी : तू आहेस, वहिनी आहे. दिवसाची बाई मी शोधलीये.

दादा : वहिनीला कंबरदुखी, मला दुकान. राहिली बाई. सख्खी लेक घरांची चित्रं काढणार आणि घरात परकी बाई बापाचे कपडे बदलणार.

धाकटी : सहा वर्षं मीच बदलले, दादा. मला जायचंय. खरंच जायचंय रे.

दादा : रडू नकोस, टॉर्च हलतोय. हं, बसलं. कर चालू.

धाकटी : पंखा फिरतोय! कार्डाचा पण फिरतोय! पण पडदा काळाच आहे.

दादा : मेलं तुझं कार्ड.

धाकटी : मेलं कसं? पंखा फिरतोय ना?

दादा : पंखा काय, मढ्याच्या खोलीतही फिरतो.

धाकटी : सकाळीच मैत्रिणीने तिच्या मशीनवर चालवून दाखवलं मला.

दादा : मग तुझ्या पायगुणाने गेलं. नाहीतरी तू हात लावतेस त्याचं कधी भलं झालंय?

धाकटी : मागच्या बाजूला एकदा बघू दे ना मला.

दादा : तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मी मशीनं उघडतोय. उंटावरून शेळ्या हाकू नकोस. बाबा हाक मारतायत, ऐकू येत नाही?

धाकटी : आज तू जा ना. एवढ्या एकाच वेळेला.

दादा : उघडं मशीन टाकून उठू? ओली चादर तुलाच नीट जमते. जा, तोवर मी पुन्हा बसवून बघतो.

(ती परत येते तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी असतात.)

धाकटी : सगळं अंथरूण बदलावं लागलं. झालं का?

दादा : तीनदा काढलं, तीनदा बसवलं. तुझं नशीबच दळभद्री.

धाकटी : मॅडमकडे तासभर मागून घेते. फोन कुठेय माझा?

दादा : त्यांचाच आला होता. मी उचलला. म्हटलं, तिला नाही जमणार, घरी वडील अंथरुणाला खिळलेत. भल्या बाई. म्हणाल्या, मग दुसऱ्या मुलीला बोलावते.

धाकटी : मला एक हाक मारली असतीस.

दादा : तू बाबांपाशी होतीस. तिथून तुला उठवायचं?

धाकटी : सरक. मला मागे बघायचंय.

दादा : बघ की आता. पोटभर बघ.

धाकटी : दादा... पडद्याची वायर जुन्याच जागी आहे. नव्या कार्डाला लावलीच नाहीस. थांब... हे बघ. आलं चित्र. लख्ख आलं.

दादा : आलं ना? बरं झालं.

धाकटी : दुकानात रोज दहा-दहा कार्डं बसवतोस तू. असली चूक तुझ्या हातून होईलच कशी?

दादा : नाही होत. चल, झाकण लाव आता. बाबा पुन्हा हाक मारतायत.