टेकडीवर पाय उचलायचा नाही

—ताकद कमी कर म्हणजे काय करू, अबू सुहैल? शेगडी आहे का ती, कळ फिरवली की मंद झाली? आठ सिलिंडरचं इंजिन आहे, वर टर्बो! तू पोराला दिलेल्या त्या म्हाताऱ्या लँडक्रूझरचं पोट फाडून बसवलंय — चेसिसवरच्या पाट्या कापल्या, नव्या वेल्ड केल्या, रेडिएटर पुढे सरकवला, तेव्हा कुठे बोनेट लागलं. आणि आता बाप येऊन म्हणतो, थोडं कमी कर! मजलिसमध्ये चार लोकांपुढे पोराला टोचत कोण होतं? मी? सुहैलची गाडी टेकडीच्या कमरेपर्यंत जाते आणि तिथे धापा टाकते, पुढे माझ्या बकऱ्या जातात — असं म्हणालास तू, आणि हसले ना सगळे? मग पोरगं माझ्याकडे नाही तर कुणाकडे येणार?

गाडी? गाडी गेली की. जुम्म्याची नमाज झाली आणि घेऊन गेला लिवाच्या वाळवंटात, वाळूच्या मोठ्या टेकडीवर. आता पोचत असेल. फोन कशाला लावतोस, तिकडे वाळूत लागतो का कधी — बस, बस. घाबरतोस काय, तू तर त्याचा उस्ताद! टेकडीवर पाय उचलायचा नाही, माथा ओलांडेपर्यंत एक्सलेटर दाबून धरायचा — तूच शिकवलंस ना? बरोबरच होतं, त्या दमेकरी इंजिनासाठी. पाय उचलला की रुतलीच. पण हे नवं इंजिन वर चढवत नाही रे, फेकतं. माथ्याच्या आधी पाय उचलावा लागतो, नाहीतर गाडी वर थांबत नाही, पलीकडे उडते. आणि पलीकडे सरळ कडा तुटलाय, ते तुला मी सांगायला नको.

त्याला सांगितलं का? विचारलं होतं त्याने. किल्ली घेऊन इथेच उभा होता, म्हणाला, उबैदकाका, काही सांभाळायचं का? मी म्हटलं, बापाने शिकवलंय तेच कर, बाळा. — असा बघू नकोस माझ्याकडे! खोटं बोललो का? हे तुला सांगणार नव्हतो मी, पण निघालं तोंडातून, निघू दे. माझी अफ्रा त्याच्या मनात होती, तो तिच्या मनात होता, आणि तू काय म्हणालास लोकांत? उबैदच्या घरच्या भाताला डिझेलचा वास येतो. ऐकलं पोरीने. तेव्हापासून ती माझे कपडे वेगळे धुते, आणि मी घरात शिरलो की आधी ऊद पेटवते. स्वतःच्या बापासाठी! कशी आग होते माहितीये? आता तुलाही होऊ दे. जरा वेळ तरी होऊ दे.

आणि ही कॉफी का ठेवलीस तशीच? उचलली आणि खाली ठेवली — माझ्या घरची म्हणून? हिलाही डिझेल लागतं का? — काय? मागणं आहे? रीत मला शिकवू नकोस, मागणं घेऊन आलेला पाहुणा शब्द मिळेपर्यंत कॉफीला तोंड लावत नाही, ठाऊक आहे. पण तुझं मागणं ऐकलं की मी, ताकद कमी कर — ते नव्हे? मग कसलं?

कुणासाठी म्हणालास?

अफ्रा? माझी अफ्रा, तुझ्या घरात? मग मघाशी दारातच का नाही बोललास, मला एवढं बोलू कशाला दिलंस — लग्नाआधी पोराने हाडं मोडून घेऊ नयेत म्हणून ते इंजिन... आणि त्याला माहीत आहे? नाही? परत आला की सांगणार होतास...

पी. कॉफी पी, अबू सुहैल. मुलगी दिली. पी म्हणतो ना — आणि ऊठ, गाडी काढ, धाव!